यादी, वही आणि पेटी



व्याख्यानाचे आमंत्रण घेऊन कार्यकर्ते माझ्या दारात उभे राहिले, तेव्हा त्यांचा पत्ता चुकला असावा असेच मला वाटले. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती शहाण्यासुरत्या माणसांनी लोकांपुढे चार विचार मांडावेत म्हणून. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. आकडे शिकलो ते मोंढ्यात पोत्यांवरचे वजन वाचून, अक्षर सुधारले ते युनियनच्या पावत्या लिहून, आणि पुढचे जे काही थोडेबहुत कळले ते वाचनालयाच्या पुस्तकांतून, रात्रीच्या वेळी. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा आपण करू नये. तीस वर्षे माणसे जमवण्याचे आणि जमलेली माणसे टिकवण्याचे काम केले, त्यात जे हाती लागले तेवढेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

कार्यकर्त्यांची इच्छा होती की मी कामगार चळवळीवर बोलावे. मी म्हटले, त्यावर पुष्कळांनी बोलून झाले आहे. माझा विषय निराळा आहे. आपल्या मानवतेत आणि आसपासच्या खेड्यांत गल्लोगल्ली बायकांची मंडळे आहेत. कुठे भजनी मंडळ आहे, कुठे हळदीकुंकवाचे मंडळ, कुठे भिशी, कुठे बचत गट. घरचे सारे आटोपून, दुपारी दोन तास काढून, पगार न घेता बायका हा कारभार पाहतात. या मंडळांचा पैसा कसा ठेवावा आणि सभासद कसे टिकवावेत, हा माझा आजचा विषय. कुणी म्हणेल, युनियनवाल्याला हळदीकुंकवाची उठाठेव कशाला? त्याचे उत्तर देण्यासाठी मला जरा मागे जावे लागेल.

नारायण मेघाजी लोखंडे हे नाव आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्या वेळी गिरणीत आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन गिरणीकामगार बायकाही बोलल्या, हे भगिनींनी ध्यानात ठेवावे. त्याच वर्षी १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी दुपारी स्वस्थ झोपतो, त्यात लोखंड्यांचा वाटा आहे.

एवढे मोठे काम त्या संघटनेने केले. परंतु त्याच काळात सरकारी अहवालात तिच्याविषयी एक शेरा नोंदला गेला. त्याचा मतलब असा की, ही काही बांधलेली संघटना नव्हे. हिच्यापाशी सभासदांची यादी नाही, निधी नाही आणि नियमही नाहीत. मी हे प्रथम वाचले तेव्हा मला राग आला होता. साहेबाला काय कळते, असे वाटले. पुढे मात्र मला त्या शेऱ्याची दुसरी बाजू दिसली. १८९७ च्या फेब्रुवारीत, प्लेगाच्या साथीत लोकांची सेवा करता करता लोखंडे गेले आणि त्यांच्यामागे ती संघटना टिकली नाही. माणूस थोर होता, कामही थोर होते. पण यादी, वही आणि पेटी नसल्यामुळे सारे एका माणसाच्या श्वासावर चालले होते. श्वास थांबला, संघटना थांबली.

मंडळी, आपल्या गल्लीतल्या मंडळांचेही असेच आहे. एखादी करती बाई असते. तिच्या अंगात उमेद असते तोवर मंडळ भरभराटीस असते. तिचे दुखणे निघाले, किंवा तिच्या मुलाची बदली झाली, की मंडळाला कुलूप लागते. म्हणून म्हणतो, हा विषय युनियनचाही आहे आणि हळदीकुंकवाचाही आहे.

आता माझीच एक चूक सांगतो. सत्ताविशीत मी हमालांच्या एका युनियनचा खजिनदार झालो. दरमहा वर्गणी गोळा करायची आणि घरी पत्र्याच्या डब्यात ठेवायची, असा माझा कारभार. त्याच डब्याशेजारी घरखर्चाचा डबा. एकदा लेकीला रात्री फार ताप चढला, परभणीला न्यावे लागले. हाताला लागला तो डबा उचलला. पुढे त्यात पैसे परत टाकले, पुन्हा काढले, पुन्हा टाकले. कशाची नोंद नाही. वर्षअखेर हिशेब मागितला गेला तेव्हा ६४० रुपये कमी भरले. मला कुणी चोर म्हटले नाही. सभेत सगळे गप्प बसले. त्या गप्प बसण्याइतके मला दुसरे काही लागले नाही. सभा संपल्यावर एक म्हातारे हमाल माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “लेकरा, तू खाल्लंस असं मी म्हणत नाही. पण तू खाल्लं नाहीस, हे मी बाकीच्यांना कशावरून सांगू?”

माझे सगळे शिक्षण त्या एका वाक्यात झाले. तोवर मी समजत होतो की हिशेब मागणे म्हणजे माणसावर अविश्वास दाखवणे. त्या दिवशी कळले की हिशेबाची पहिली गरज प्रामाणिक माणसाला असते. लबाडाला वही नसलेलीच बरी. ज्याने पैला हात लावला नाही, त्याच्यापाशी मात्र दाखवायला वहीशिवाय दुसरे काय असते? मी ते ६४० रुपये सहा महिन्यांत फेडले. पण ते कशाचे फेडतो आहे हे मला शेवटपर्यंत नीट सांगता आले नाही.

यानंतर बऱ्याच वर्षांनी एका मंडळाच्या बायका माझ्याकडे आल्या. मंडळाचे नाव सांगत नाही, गल्लीही सांगत नाही. तीस बायकांचे मंडळ. महिना वीस रुपये वर्गणी. त्यांनी हिशेब सांगितला तो असा: तीस जणींचे महिन्याला ६००, वर्षाचे ७,२००. संक्रांतीच्या कार्यक्रमाला ३,४०० गेले, सतरंज्या घेतल्या त्याचे २,६५०. एकूण खर्च ६,०५०. शिल्लक हवी ११५०. पेटीत निघाले ३५०. आठशे रुपये कुठे गेले?

खजिनदार बाई शिलाईकाम करणारी. मान खाली घालून बसली होती. म्हणाली, “भाऊ, मी आठशे भरून देते. पण मला या बोलण्यातून सोडवा.” मी म्हटले, “ताई, एक रुपयाही भरू नका. आज भरलात तर उद्या गल्ली म्हणेल, खाल्ले होते म्हणून भरले.” मला माझे ६४० आठवत होते.

दोन संध्याकाळी आम्ही कंदिलाच्या काचेसारखे पुसून पुसून सारे पाहिले. कॅलेंडरवरच्या टिपा, डायरीतले कागद, कुणाच्या आठवणीतले पैसे. तेव्हा उलगडा झाला. तीस बायका हा आकडाच खरा नव्हता. एप्रिल-मे या दोन महिन्यांनंतर चार बायकांनी वर्गणी दिलीच नव्हती. चार बायका, दहा महिने, वीस रुपये: बरोबर आठशे. पैसा हरवला नव्हता. तो कधी आलाच नव्हता. हरवल्या होत्या त्या चार बायका, आणि त्यांचा पत्ता कुणी केला नव्हता.

मी विचारले, या चौघी गेल्या कुठे? एक नवऱ्याबरोबर बांधकामाच्या कामावर पुण्याला गेली होती. दोघी जावा बिऱ्हाड उचलून सेलूला गेल्या होत्या. चौथी मात्र गावातच होती, त्याच गल्लीत, चार घरे सोडून. जूनमध्ये तिचा नवरा वारला. त्यानंतर ती मंडळात आली नाही. तिचे नाव कुणी कमी केले नाही, आणि तिला बोलवायलाही कुणी गेले नाही. हळदीकुंकवाचे मंडळ, विधवेला कसे बोलवावे, या संकोचात दहा महिने गेले. ती यादीत होती आणि मंडळात नव्हती.

त्या संध्याकाळी खजिनदार बाईच्या डोळ्यांना पाणी आले ते सुटकेचे होते. इतर बायकांच्या डोळ्यांतले पाणी निराळे होते. मला त्या दोन संध्याकाळींनी शिकवले की पैशाचा हिशेब आणि माणसांचा हिशेब हे दोन हिशेब नाहीत. वहीत भोक पडले की ते बहुधा यादीतून आलेले असते.

म्हणून मी प्रथम यादीविषयी बोलतो. सभासद कोण, याचे उत्तर मंडळाने लिहून ठेवले पाहिजे. नाव, पत्ता, कोणत्या तारखेपासून, वर्गणी किती महिन्यांपर्यंत पोचली. मुदत ठरवावी: समजा, सलग तीन महिने वर्गणी आली नाही, तर दोघींनी त्या बाईच्या घरी जायचे. वसुलीसाठी जायचे नाही. काय अडले ते पाहायला जायचे. ती गाव सोडून गेली असेल तर नाव तारखेनिशी कमी करावे. अडचणीत असेल तर वर्गणी तहकूब करावी आणि तसे वहीत लिहावे. दुःखात असेल तर तिच्याजवळ बसावे. तीन महिन्यांची ही नुसती एक ओळ नियमांत असती, तर ती बाई दहा महिने एकटी राहिली नसती आणि आठशे रुपयांचा प्रवादही उठला नसता.

विधवांचा प्रश्न निघालाच आहे, तर आणखी दोन शब्द बोलतो. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या कुंकू पुसण्या-बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद करण्याचे ठरवले. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही हा कित्ता गिरवण्यास सांगितले. एक अख्खे गाव ठराव करू शकते, तर तीस बायकांचे मंडळ का करू शकणार नाही? सभासदत्व कुंकवावर नसावे, नावावर असावे. एवढी एक ओळ नियमांत घाला.

वर्गणीचेही तसेच. आपल्याकडे मजुरी करणाऱ्या बाईच्या हातात पैसा येतो तो कापूस वेचणीच्या दिवसांत, दिवाळीच्या पुढे. चैत्र-वैशाखात तिच्या हाताला काम नसते. बारा महिने सारखे वीस रुपये मागणारे मंडळ नोकरदाराच्या बायकोला सोयीचे आहे, वेचणीला जाणाऱ्या बाईला नाही. हंगामात चाळीस घ्या आणि उन्हाळ्यात काही घेऊ नका. वर्षाची बेरीज तीच येते. वर्गणीचा दर ठरवताना आपण मंडळाचा दरवाजा किती रुंद ठेवायचा हेच ठरवत असतो.

आता वही. माझी माय निरक्षर होती. तिची भिशी बारा बायकांची, महिना दहा रुपयांची. दरमहा एकीच्या नावाची चिठ्ठी निघे आणि १२० रुपये तिला मिळत. वही नव्हती, पण हिशेब होता. स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेरूने बारा उभ्या रेघा, दर महिन्याला ज्या बाईने पैसे दिले तिच्या रेघेवर एक ठिपका. येणारी-जाणारी प्रत्येक बाई ती भिंत पाहू शके. फेरी दिवाळीच्या तोंडावर संपे, मग माय भिंत सारवून काढी आणि नवी फेरी मांडी. एका वर्षी एका नव्या बाईला दुसऱ्याच महिन्यात चिठ्ठी लागली आणि ती पैसे घेऊन गाव सोडून गेली. तेव्हापासून नव्या बाईचे नाव पहिल्या चार चिठ्ठ्यांत घालायचे नाही, असा नियम बायकांनी केला. हे सारे मला त्या वेळी गमतीचे वाटे. पुढे जाणत्या लोकांकडून लेखापरीक्षणावर व्याख्याने ऐकली, तेव्हा कळले की मायची भिंत म्हणजे उघडी वहीच होती. जी वही सर्वांना दिसते, तिच्यात खोटे लिहिणे कठीण असते.

१९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यातही हेच तत्त्व घातले होते. युनियनच्या जमाखर्चाच्या वह्या आणि सभासदांची यादी, दोन्ही पाहण्याचा हक्क साध्या सभासदाला त्याने दिला. दोन्ही एकाच कलमात आहेत, हे पाहण्यासारखे आहे. आणखी एक गोष्ट त्या कायद्याने सांगितली: सर्वसाधारण निधीतून राजकारणाचा खर्च करायचा नाही, करायचाच तर निधी वेगळा, आणि त्यात वर्गणी देणे सभासदाच्या खुशीवर.

ही वेगळ्या निधीची गोष्ट भगिनींना मी समजावून सांगण्याची गरज नाही. तुरीची डाळ आणि मुगाची डाळ तुम्ही एका डब्यात भरत नाही. पण मंडळाच्या पेटीत मात्र चार प्रकारचा पैसा एकत्र पडलेला मी पाहिला आहे. वर्गणी हा मंडळाचा पैसा. तो खर्च करता येतो. बचत हा त्या त्या बाईचा पैसा. तो मंडळाकडे ठेवीसारखा आहे, त्यातून सतरंजी घेता येत नाही. देणगी ज्या कामासाठी दिली त्याच कामाची. आणि पापड-शेवयांच्या विक्रीचा पैसा, त्यातून आधी मालाची किंमत आणि करणाऱ्या हातांची मजुरी वजा केली पाहिजे, मग उरेल तो नफा. या चार पैशांची चार पाने करा. पेटी एक असली तरी चालेल, पाने चार हवीत.

पापडांचे नाव निघाले, तेव्हा लिज्जतचे उदाहरण सांगितले पाहिजे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात एका चाळीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. तीन महिन्यांत पंचवीस जणी झाल्या. पहिल्याच पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावे लागले, कारण पापड वाळेनात. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी घेतली, पापड खाटेवर आणि शेगडी खाटेखाली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये.

माझ्या दृष्टीने त्या कथेत पापडाहून तीन गोष्टी मोठ्या आहेत. पहिली, त्यांना मार्गदर्शन करणाऱ्या छगनबाप्पांनी आरंभापासून सांगितले की माल एकाच प्रतीचा काढा आणि हिशेब चोख ठेवा. दुसरी, तोटा आला तरी देणगीसाठी कुणाच्या दारी जायचे नाही, असे त्यांनी ठरवले. तिसरी, सभासद कोण याचा नियम. आरंभी शाळा-कॉलेजातल्या मुलीही येत. पुढे अठरा वर्षांची अट घातली गेली. काम करणारी प्रत्येक बाई ही बहीण, म्हणजे मालकीण. पुरुष हिशेबनीस असू शकतो, मोटार हाकू शकतो; सभासद होऊ शकत नाही. १९६६ साली संस्थेची नोंदणी झाली आणि त्याच वर्षी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. सात बायकांपासून निघालेली ती संस्था पुढे हजारो बहिणींची झाली. त्या सात जणींची पापड लाटण्याची हातोटी आपल्या गल्लीतल्या बायकांपेक्षा निराळी नव्हती. नियम मात्र त्यांनी लवकर केले.

दुसरे उदाहरण माझ्या क्षेत्रातले आहे. मुंबईच्या गिरणगावात बायका खाणावळी चालवत. एकटे राहणारे गिरणी कामगार त्यांच्याकडे जेवत. संप झाला की कामगाराचा पगार बंद. पण पोट बंद होत नाही. खाणावळवाली उधारीवर जेवू घाली आणि स्वतः सावकाराकडे जाई. प्रेमाताई पुरव या युनियनच्या कार्यकर्त्या. त्यांच्या लक्षात आले की संपाचा अर्धा भार ज्यांच्या डोक्यावर आहे, त्यांचे नाव कुठल्याच यादीत नाही. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले, या बायकांचे गट केले आणि एकमेकींच्या हमीवर त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. आम्ही युनियनवाले भाषणात ‘कामगार’ म्हणतो, तेव्हा चुलीपुढच्या बाईला सहसा मोजत नाही. प्रेमाताईंनी तिला मोजले.

१९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग ५०० गटांपासून सुरू केला आणि पुढे ही चळवळ देशभर पसरली. गटात दहा ते वीस बायका असाव्यात, असे सांगतात. त्या वीसच्या आकड्याला कारण आहे: १९५६ च्या कंपनी कायद्याप्रमाणे वीसहून अधिक माणसांनी मिळून नफ्याचा धंदा करायचा तर नोंदणी करावी लागे. परंतु मला त्यात दुसराही गुण दिसतो. वीस बायका एकमेकींना नावाने ओळखतात. एक आली नाही तर लगेच कळते. बचत गटाची पाच सूत्रे आपण ऐकली असतील: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित नोंदी. पाचही ठिकाणी शब्द एकच आहे, ‘नियमित’. माझा अनुभव असा की, गट बुडतो तो मोठ्या चोरीने क्वचितच बुडतो. एक बैठक चुकते, मग दुसरी, मग नोंद राहते, मग आठवणीवर भागवतात, आणि दोन बायकांच्या आठवणी कधी जुळत नाहीत.

आता पेटीविषयी, थोडक्यात. वर्गणी घेतली की छापील क्रमांकाची पावती द्यावी आणि स्थळप्रत पुस्तकात राहू द्यावी. पैसे घरच्या डब्यात ठेवू नयेत. बँकेत खाते काढावे आणि दोघींच्या सह्यांशिवाय पैसे निघू नयेत. हाताशी ठेवायच्या रकमेला मर्यादा घालावी. पावत्या एकीकडे, पेटी दुसरीकडे, म्हणजे लिहिणारी आणि ठेवणारी निराळी असावी. दर बैठकीच्या आरंभी चिटणीस बाईने मागील शिल्लक, जमा, खर्च आणि आजची शिल्लक मोठ्याने वाचावी, म्हणजे जिला वाचता येत नाही तिलाही हिशेब ऐकू येतो. वर्षातून दोनदा, पदाधिकारी नसलेल्या दोघींनी वही तपासावी. आणि खजिनदार दोन वर्षांनी बदलावी. चांगली असली तरी बदलावी, कारण तिच्याशिवाय चालते की नाही हे मंडळाला कळले पाहिजे.

एक गोष्ट बंधूंना सांगायची आहे. सही बायकोची आणि पासबुक नवऱ्याच्या खिशात, असा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला. हेतू वाईट नसतो. “तिला कुठे कळते” असे म्हणतात. जी बाई चार रुपये किलोने भाव वाढला तर महिन्याचा बेत बदलते, तिला कळत नाही असे कसे म्हणावे? तिला पहिल्यांदा चूक करू द्या. मी ६४० रुपयांची केली, तेव्हा शिकलो.

मंडळाची रीतसर नोंदणी करायची असेल, तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसे पुरतात. लिज्जतच्याही पहिल्या दिवशी सातच होत्या. आपल्या राज्यात अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही येते. मग ३१ मार्चला हिशेब बंद करणे आले, आणि पदाधिकारी बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात फेरफार अहवाल देणे आले. पुष्कळ संस्था नेमक्या येथे अडकतात. वारलेल्या अध्यक्षांचे नाव कागदावर वर्षानुवर्षे चालू राहते. ही देखील यादीचीच चूक आहे. परंतु प्रत्येक मंडळाने नोंदणी केलीच पाहिजे असे मी म्हणत नाही. वीस बायकांच्या भजनी मंडळाला एक यादी, एक वही आणि एक पेटी पुरेल.

काही भगिनी म्हणतील, आम्ही जमतो ते दोन घटका मन रमवायला. त्यात ही कोर्टकचेरी कशाला? त्यांचे म्हणणे मला कळते. मीही त्या वयात हेच म्हणत होतो. पण मंडळ मोडले की फक्त पैसा जात नाही. ज्या मंडळाचे मी सांगितले, तिथे दोन शेजारणी आठशे रुपयांवरून सहा महिने बोलत नव्हत्या. एकीने दुसरीच्या मुलीच्या लग्नाला जाण्याचे टाळले. ते लग्न पुन्हा थोडेच होणार आहे? पैसा पुन्हा जमवता येतो. मैत्री मोडली की तिची पावती कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

त्या मंडळाचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. बायकांनी नवी यादी केली. तीन नावे तारखेनिशी कमी झाली. चौथ्या बाईकडे खजिनदार ताई स्वतः गेल्या. ती म्हणाली, “माझे दहा महिन्यांचे दोनशे रुपये राहिले आहेत, ते आधी घ्या.” मंडळाने ठराव करून ते माफ केले, कारण दहा महिने तिच्याकडे न जाण्याची चूक मंडळाची होती. पुढच्या संक्रांतीला तीच बाई दारात तिळगूळ देत उभी होती. आज त्या मंडळाच्या यादीत सत्तावीस नावे आहेत, आणि त्या सत्तावीस जणी खरोखर येतात.

भगिनींनो, घरी गेल्यावर एकच काम करा. एक कोरा कागद घ्या आणि आपल्या मंडळातल्या बायकांची नावे आठवून लिहा. ज्या नावापाशी पेन अडखळेल, उद्या त्या घरी जाऊन या.